मधला चौकोन

माझी माय लोकांच्या बेंब्या बसवायची. शहरात हे सांगितलं की माणसं आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, म्हणजे नक्की काय करायची? आमच्या गावात असं कुणी विचारलं नसतं. मुंबई-आग्रा रस्त्यावर सोनगीरला उतरायचं आणि कच्च्या वाटेनं तासभर चालायचं, तिथे आमचं गाव. जड ओझं उचललं, गाडीवरून उडी मारली, बांधावर पाय घसरला आणि मग पोट दुखायला लागलं, तर बेंबी सरकली हे तिथे लहान पोरालाही कळायचं. सरकलेली बेंबी जागेवर आणायची तर अक्काकडे जायचं. अक्का म्हणजे माझी माय.

हे काम सकाळी, उपाशीपोटी. दुखणाऱ्याला ओसरीवर सारवलेल्या भुईवर उताणं झोपवायचं. माय बेंबीवर अंगठा टेकवून डोळे मिटून बसायची. बेंबीच्या खाली आत एक ठोका लागतो, तो बरोबर मध्ये आहे की वर-खाली गेलाय, हे ती बघायची. मग सुताचा दोरा घेऊन बेंबीपासून दोन्ही पायांच्या अंगठ्यांपर्यंतचं अंतर मोजायची. दोन्हीकडे सारखं भरलं नाही तर बेंबी सरकली हे नक्की. मग कणकेची एवढीशी पणती बेंबीवर ठेवायची, तिच्यात तुपाची वात पेटवायची आणि वरून तांब्या उपडा घालायचा. वात विझली की तांब्या पोटाला गच्च धरायचा. तो सुटला की पायाच्या अंगठ्याला काळा दोरा, तोंडात गुळाचा खडा, आणि खाल्ल्याशिवाय उठायचं नाही अशी तंबी. याचे तिनं कधी कुणाकडून काही घेतलं नाही. घेतलं तर हाताचा गुण जातो, असं ती मानायची.

तो तांब्या सोनगीरच्या तांबट आळीतला, पितळी, तिच्या माहेरून आलेला. एकदा विहिरीच्या पायऱ्यांवर पडला आणि त्याचा काठ एका जागी दबला. त्यामुळे पोटावर जे लाल वर्तुळ उठायचं ते पूर्ण गोल नसायचं, एका बाजूला बोटभर सरळ रेघ यायची. गावातले लोक त्याला अक्काचा शिक्का म्हणायचे. शिक्का दोन दिवस टिकायचा, आणि लोक तो सदरा वर करून एकमेकांना दाखवत फिरायचे.

मी हे बघतच मोठी झाले. दहावी पास झाल्यावर आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, मनात माझं लग्न होतं आणि मायच्या मनात धुळ्याचं नर्सिंग. आमच्या घरात मायचंच चालायचं. आपला हात लेकीकडे जावा, पण तिच्याकडे त्याचा कागदही असावा, असा तिचा हट्ट होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, एक पत्र्याची पेटी आणि बाजरीच्या भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन मी धुळ्याच्या एका दवाखान्याच्या होस्टेलात जाऊन पडले.

पडले हाच शब्द खरा. शिकवायचं सगळं इंग्रजीत. पहिल्या चाचणीत शरीररचनेत मला शंभरात एकोणीस. आमच्या ट्यूटर बाई कडक होत्या, त्यांनी पेपर सगळ्यांसमोर उंच धरला. त्या दिवशी मी रडले, दुसऱ्या दिवशी रडले, आणि तिसऱ्या दिवशी मला स्वतःचाच राग आला. परत गेले असते तर आबांनी स्थळ तयारच ठेवलं होतं. मी ठरवलं, मरेन पण पास होईन.

शब्द डोक्यात राहत नव्हते, कारण ते सुटे सुटे होते. त्यांना टांगायला एखादी खुंटी सापडली तर राहतील, असं मला वाटलं. खुंटी मायनंच दिली असं म्हणता येईल. मध्य म्हणजे काय हे एवढंच मला घरून माहीत होतं. म्हणून वहीचं एक पान काढलं, वर मोठ्या अक्षरात ‘मध्य’ लिहिलं, आणि ज्या ज्या शब्दात सेंटर किंवा मध्य असेल तो त्या पानावर टिपायला लागले. सेंट्रल नर्व्हस सिस्टिम, मध्यवर्ती मज्जासंस्था. न्यूक्लियस, पेशीचं केंद्रक. श्वास चालवणारं मेंदूतलं केंद्र. ओकारीचं वेगळं केंद्र, तेही मेंदूतच. हाड तयार व्हायला सुरुवात होते ते केंद्र. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, गुरुत्वमध्य.

गुरुत्वमध्य मला एकदम आला. रुग्ण उचलायचा कसा, हे ट्यूटर बाई शिकवत होत्या. पाय फाकवून उभं राहा, गुडघ्यात वाका, ओझं अंगाजवळ घ्या, म्हणजे तुमचा गुरुत्वमध्य ढळणार नाही. शहरातल्या मुली वाकल्या आणि कमरा धरून बसल्या. मी उचलून दाखवलं. डोक्यावर एक हंडा आणि काखेत एक कळशी घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलीला हे काय शिकवायचं? बाई पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या.

सेंट्रिफ्यूज मात्र अंगावर आला. रक्त तपासायच्या खोलीत हातानं फिरवायचं यंत्र होतं. रक्ताची नळी त्यात घालून गरगर फिरवली की जड कण मध्यापासून दूर, नळीच्या तळाशी पळतात आणि वर पिवळसर पाणी राहतं. मी एकच नळी घातली आणि जोरात फिरवली. यंत्र टेबलावर नाचायला लागलं, नाचत नाचत कडेपर्यंत गेलं. तिथल्या काकांनी धावत येऊन ते धरलं आणि मला असं झापलं की बाहेरच्या रांगेतले लोक आत डोकावले. समोरासमोर सारख्या वजनाच्या दोन नळ्या लागतात, नाहीतर मध्य सुटतो, हे त्या दिवशी कळलं. तेही पानावर लिहिलं.

मग एक दिवस ट्यूटर बाईंनी फळ्यावर पोट काढलं. दोन उभ्या रेघा, दोन आडव्या, असे नऊ चौकोन. प्रत्येकाला नाव. कुठे दुखतं ते चौकोनावरून सांगायचं म्हणजे डॉक्टरला खाली काय आहे याचा अंदाज येतो. मधल्या चौकोनाचं नाव अंबिलिकल, बेंबीचा. तिथे आत लागणारा ठोका हा शरीराच्या सगळ्यात मोठ्या धमनीचा. तो सगळ्यांना लागतो, बारीक माणसाला जास्त लागतो, आणि तो कुठेही सरकत नाही.

मी वही मिटली. मला राग आला होता, पण बाईंचा की मायचा हे कळत नव्हतं. इथे पेशीला आपला मध्य, श्वासाला आपला, वजनाला आपला, पोटात तर नऊ घरं. आणि माझी माय सगळं जग एका मधल्या घरातून चालवत होती. सुट्टीत घरी गेले तेव्हा मी तिला यातलं काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. मला धीर झाला नाही, आणि खरं सांगायचं तर मला तिची लाज वाटायला लागली होती.

दुसऱ्या वर्षी माझी ड्यूटी सर्जिकल वॉर्डात होती. एका दुपारी ट्रॉलीवर दहा-अकरा वर्षांची मुलगी आली. अंग तापलेलं, ओठ कोरडे, पोट लाकडासारखं ताठ. अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरला आहे, ताबडतोब ऑपरेशन, असं सर्जन सर म्हणाले आणि पोट स्वच्छ करायचं काम माझ्याकडे आलं. मी झगा वर केला. बेंबीभोवती लाल वर्तुळ होतं. त्याच्या एका बाजूला बोटभर सरळ रेघ होती.

मी चेहऱ्याकडे तेव्हा बघितलं. आमच्या गल्लीतली पोर. शाळेतून येताना आमच्या अंगणातून जायची. पायाच्या अंगठ्याला काळा दोरा होता.

मी स्पिरिटचा बोळा घेतला आणि पोट पुसायला लागले. पुसायचं होतं सगळं पोट, पण माझा हात त्या वर्तुळावरच फिरत होता. ते पुसलं जाणारं नव्हतं, हे मला कळत होतं तरी मी पुसत होते. सर्जन सर हातमोजे चढवत आले, वाकून बघितलं आणि ओरडले, “हा गोल कसला? कोणी केलं हे?”

मुलीचा बाप दाराशी उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. तो मला चांगला ओळखत होता. मग त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, “गावमा एक बाई शे, साहेब.”

“त्या बाईला आधी आत टाकायला पाहिजे,” सर म्हणाले.

त्यानं माझी आणि मायची लाज राखली, आणि मी ती राखू दिली. मुलगी आत गेली. मी बाहेर येऊन मोरीत ओकले. मेंदूतलं ते केंद्र कसं काम करतं हे मला पाठ होतं, त्याचा तेव्हा काही उपयोग झाला नाही.

मुलगी वाचली. पोटात नळ्या घालून तीन आठवडे पडून होती, पण वाचली. माझी ड्यूटी नसली तरी मी रोज तिच्या खाटेशी जायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी ती बोलायला लागली तेव्हा मी तिला सगळं विचारून घेतलं. एका संध्याकाळी बेंबीपाशी दुखायला लागलं, जेवावंसं वाटेना. सकाळी अक्काकडे नेलं. अक्कानं तांब्या लावला. दुखणं थांबेना, उलट उजवीकडे खाली गेलं. दुसऱ्या सकाळी परत नेलं, परत तांब्या लावला. “आन मंग एकदम राही गयं,” ती म्हणाली. एकदम थांबलं. तिला झोप लागली. माय म्हणाली, बसली बेंबी.

बेंबी बसली नव्हती. आतलं अपेंडिक्स त्या वेळी फुटलं होतं. फुटलं की ताण जातो आणि थोडा वेळ दुखणं थांबतं, हे सरांनी आम्हाला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. सगळ्यात फसवी वेळ तीच, असं ते म्हणाले होते. मायला त्या वेळेनं फसवलं. गुळाचा खडा देऊन तिनं पोरीला घरी पाठवलं आणि त्यात एक आख्खा दिवस गेला.

माझ्या खोलीत रावेरकडची एक मुलगी होती, केळीच्या बागाईतदाराची. मी जेवत नाही हे बघून तिनं माझ्याकडून सगळं काढून घेतलं. ऐकून ती म्हणाली, “तुझ्या मायला हे बंद करायला लाव. तू नाही लावलंस तर कोण लावणार?” मला तेच हवं होतं, कुणीतरी आज्ञा द्यायला. चार दिवसांची रजा काढली आणि पहिल्या एसटीनं निघाले. मनाशी पक्कं होतं, तो तांब्या विहिरीत टाकूनच परत यायचं.

घरी पोचले तेव्हा ओसरीवर एक बाप्या उताणा पडला होता आणि मायचा अंगठा त्याच्या बेंबीवर होता. तिनं डोळे उघडून मला बघितलं, हसली, आणि परत मिटले. मी दाराशी उभी राहिले. त्याचं होईपर्यंत थांबले. तो गुळाचा खडा चघळत गेल्यावर मी तांब्या उचलला.

“माय, ती पोर मरी जाती,” मी म्हणाले. “तुन्या हातखाल मरी जाती.”

मग मी थांबलेच नाही. सगळं सांगितलं. वर्तुळ, पू, नळ्या, सरांचं बोलणं, तिच्या बापाचं मान खाली घालणं. जे मी कधी बोलणार नव्हते तेही बोलले. तू अडाणी आहेस, तुझ्यामुळे मला मान वर करता येत नाही. गावात कुणी तिला काही बोललं नव्हतं. पोरीच्या बापानं घरी येऊन एवढंच सांगितलं होतं की पोटातलं काहीतरी फुटलं, डॉक्टरांनी वाचवलं. तिला वाटत होतं, बेंबी बसली होती म्हणून पोर निभावली.

माय उठली. माझ्या हातातून तांब्या घेतला, भिंतीशी उपडा ठेवला आणि चुलीकडे गेली. मला जेवायला वाढलं, स्वतः जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई पोट धरून आली. माय तिला म्हणाली, “आज नही.” ती बाई गेल्यावर माय गोठ्यात जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत तिथेच. मला वाटलं, झालं, मी जिंकले. आणि जिंकल्याचं काहीच बरं वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते, तेव्हा ती मागे येऊन उभी राहिली.

“मनं कोठे चुकनं, ते दखाड,” ती म्हणाली.

“काय दखाडू? बंद कर म्हंजे झायं.”

“मी बंद करसू, मंग लोके शेजारना गावले जातीन. तठलीले तर काहीच समजत नही.” ते खरं होतं. शेजारच्या गावातली बाई पोटावर उभी राहायची. “लोके पहिले मनाकडेच येतस, डॉक्टरकडे नही. तू माले दखाड. तुले दोन वरीस लागनात, माले दोन दिन लागतीन.”

असं म्हणून ती ओसरीवर आडवी झाली. लुगडं खाली सरकवून पोट उघडं केलं आणि मला म्हणाली, काढ तुझे ते चौकोन.

मी काजळाची डबी आणली. तिच्या पोटावर दोन उभ्या रेघा ओढल्या, दोन आडव्या. तिचं पोट सैल पडलेलं, आमच्या चौघा भावंडांच्या बाळंतपणांच्या पांढऱ्या रेघांनी भरलेलं. काजळाची रेघ त्या रेघांवरून नीट जात नव्हती. फळ्यावरच्या पोटाला असलं काही नव्हतं. ती वरच्या वाशांकडे बघत शांत पडली होती.

मधल्या चौकोनावर बोट ठेवून मी म्हणाले, “हाऊ एक तुना. बाकीना आठ दवाखानाना.”

मग तिनं विचारलं, त्या पोरीचं आधी मधल्यातच दुखत होतं ना? पहिल्या सकाळी ते माझ्याच चौकोनात होतं. मग मी ओळखायचं कसं?

आमच्या वर्गात चाळीस मुली होत्या, हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. मी पेटीतून वही आणली. ‘मध्य’ लिहिलेलं पान तिच्यासमोर उघडलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून एकेक शब्द वाचून सांगितला. केंद्रक सांगितल्यावर ती म्हणाली, म्हणजे बियाच्या आतला डोळा, ज्यातून मोड फुटतो तो. सेंट्रिफ्यूजच्या पाशी तिनं मला थांबवलं. मध्यातून बाहेर पळतं ते का पळतं, असं विचारलं. मी म्हणाले, फिरवल्यामुळे. आणि हे दुखणं का पळतं? मी म्हणाले, ते पळत नाही. आतलं सुजतं, पण सुरुवातीला पोटाला नेमकं कुठे ते कळत नाही, म्हणून मध्ये दुखल्यासारखं वाटतं. सूज वाढली की खरी जागा बोलायला लागते. उजवीकडे, खाली. मी तिच्या पोटावर तिथे काजळाचा टिपका दिला.

“म्हंजे पहिला दिन कोनलेच समजत नही,” ती म्हणाली.

“डॉक्टरलेबी कधी कधी समजत नही. त्या थांबतस, दखतस.”

“मंग मीबी थांबसू.”

त्या दोन दिवसांत तिनं माझ्याकडून सगळं पिळून घेतलं. दाबताना दुखतं की दाबलेला हात एकदम काढल्यावर दुखतं, हे ती माझ्या पोटावर, आबांच्या पोटावर, शेजारणीच्या पोटावर करून बघत होती. ताप कपाळाला हात लावून तिला थर्मामीटरपेक्षा बरा कळायचा. चवड्यांवर उभं राहून दण्णकन टाचांवर आल्यावर पोटात उजवीकडे कळ जाते, असं मी सांगितलं, तर ती म्हणाली, त्यापेक्षा लंगडी घालायला लावते, लंगडी सगळ्यांना येते. आणि दुखणं एकदम थांबलं, पण ताप आहे, तर सगळ्यात जास्त घाबरायचं, हे मी तिच्याकडून पाठ म्हणून घेतलं, ट्यूटर बाई आमच्याकडून घ्यायच्या तसं. तिनं ते न चुकता म्हटलं.

नियम तिनं स्वतः केला. पहिल्या दिवशी कुणालाही तांब्या नाही. सकाळी बघायचं, चौकोन काढायचे, कुठे दुखतं तिथे टिपका द्यायचा आणि संध्याकाळी परत बोलवायचं. टिपका मधल्या घरातून हलला, ताप आला, लंगडी घालता आली नाही, तर तांब्याला हात लावायचा नाही, गाडी बघायची. मी म्हटलं, मग तांब्या ठेवायचाच कशाला? ती म्हणाली, तांब्या नसला तर माझ्याकडे येईल कोण? मी तांब्या विहिरीत न टाकता परत गेले.

जायच्या दिवशी सकाळी ती त्या पोरीच्या घरी गेली. मी बरोबर गेले. पोरीच्या बापासमोर उभी राहून ती म्हणाली, “भाऊ, मनं चुकनं.” तो गडबडून गेला. अक्का, असं काय म्हणता, म्हणायला लागला. तिनं त्याला बोलू दिलं नाही. जे झालं ते सगळं, बेंबी बसली नव्हती आणि काय फुटलं होतं, हे तिनं माझ्यासारखंच त्याला समजावून सांगितलं. परत येताना वाटेत मी रडले, ती नाही.

पुढे वर्षभर गावानं तिची भरपूर टर उडवली. अक्काकडे गेलं की म्हाताऱ्या माणसालाही अंगणात लंगडी घालावी लागते, पोट बरं व्हायच्या आधी पाय मोडतो, असं पारावर चालायचं. काही लोक चिडून शेजारच्या गावात गेले. ती हटली नाही. मी सुट्टीत गेले की ती चौकोन काढून दाखवायची आणि आपण किती जणांना धुळ्याला पाठवलं ते सांगायची. त्यातल्या काहींना अपेंडिक्स नव्हतंच, नुसता वात निघाला. डॉक्टर त्यांच्यावर ओरडले, ते येऊन मायवर ओरडले. ती म्हणायची, ओरडू दे. माझं पान तोवर पाठपोट भरलं होतं आणि शरीररचनेत मी वर्गात तिसरी आले होते. पण वर्गात वा वॉर्डात तिचं नाव मी अजून काढलेलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी माझी ड्यूटी परत त्याच वॉर्डात लागली. एका रात्री ट्रॉलीवर एक नवी नवरी आली, हिरव्या चुड्याची, कण्हत होती पण शुद्धीवर. बरोबर तिची सासू, तोंडाचा पट्टा चालू. “सकायपासून फिरी राहिनूत. अक्कानी तांब्या लावाच नही! म्हने, हिले धुयाना दवाखानामा लई जा, आतेच्या आते. पोरनं पोट काय करी ठी दिन्हं, दखा बरं!”

मी लुगडं बाजूला केलं. पोटावर काजळाच्या दोन उभ्या रेघा होत्या, दोन आडव्या. मधल्या चौकोनात एक टिपका होता, पुसट झालेला. उजवीकडच्या खालच्या चौकोनात दुसरा, ताजा. वर्तुळ कुठेच नव्हतं.

सर्जन सर आले. तेच सर. त्यांनी टिपक्यावर बोट ठेवून हलकेच दाबलं आणि एकदम हात काढला, तशी नवरी ओरडली. त्यांनी तापाचा आकडा विचारला, मी सांगितला. मग ते चष्मा वर करून त्या रेघांकडे बघत राहिले.

“वेळेवर आणलीय. फुटलं नाहीये अजून,” ते म्हणाले. “हे कोणी केलं?”

शब्द तेच होते. सासू तोंड उघडणार होती, पण मी पुढे झाले.

“माझ्या मायनं, सर,” मी म्हणाले. “आणि मागच्या वर्षी त्या मुलीच्या पोटावर तांब्या लावला होता ना, तोही तिनंच.”

सर माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली नाही. मग त्यांनी चष्मा खाली घेतला आणि म्हणाले, “पोट स्वच्छ करा. तो टिपका मात्र पुसू नका, तिथेच कापायचंय.”

मी बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि मधल्या चौकोनापासून सुरुवात केली.